झोप लागली म्हणजे ॲलर्जी उतरली, असं नाही

पत्र : “माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात काजू घातलेला केक खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि दोनदा उलटी झाली. घरात डायफेनहायड्रामिनचं सिरप होतं, ते दिलं. अर्ध्या तासात तो गाढ झोपला आणि सकाळी ठणठणीत उठला. तेव्हापासून ती बाटली मी पर्समध्येच ठेवते. पण एक मैत्रीण म्हणाली, हे औषध आता जुनं झालंय, देऊ नकोस. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. अंगाला खाज येते म्हणून ते याच औषधाची गोळी रोज रात्री घेतात, झोपही छान लागते म्हणतात. मी स्वतः शिंका सुरू झाल्या की अधूनमधून घेते आणि मला गाडी चालवावी लागते. इतकी वर्षं चालत आलेलं औषध खरंच धोक्याचं आहे का? आणि मुलाला पुन्हा तसं झालं, तर किती द्यायचं?”
– एक आई

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातल्या ‘अर्ध्या तासात तो गाढ झोपला’ या वाक्यापाशी मी थांबलो. त्या झोपेनं तुमचा जीव भांड्यात पडला, आणि कुठल्याही आईचा पडला असता. पण मला काळजी वाटते ती त्या झोपेचीच. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पुन्हा तसंच झालं, म्हणजे गांधींबरोबर उलट्या, तर सिरप किती द्यायचं हा प्रश्नच उरत नाही. त्या वेळचं औषध ॲड्रेनालिन आहे. ते मांडीत इंजेक्शनने द्यायचं असतं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची असते.

त्या दिवशी काय झालं ते नीट पाहू. काजूसारखा नेहमीचा संशयित पदार्थ पोटात गेला आणि काही मिनिटांत शरीराच्या दोन वेगळ्या भागांनी तक्रार केली. एकीकडे त्वचा आणि ओठ, दुसरीकडे पोट. याला वैद्यकात ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे संपूर्ण शरीराला कवेत घेऊ शकणारी ॲलर्जिक रिअ‍ॅक्शन. पुष्कळांची समजूत असते की श्वास कोंडला किंवा माणूस कोसळला तरच ती गंभीर. तसं नाही. मुलांमध्ये पुन्हापुन्हा होणारी उलटी हेसुद्धा तिचं लक्षण असतं. मी त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे निदानाचा शिक्का मी मारत नाही. पण पत्रातल्या वर्णनावरून मी ती रिअ‍ॅक्शन किरकोळ धरणार नाही, आणि तुम्हीही धरू नका.

मग तो बरा कसा झाला? अशा बऱ्याच रिअ‍ॅक्शन शरीर स्वतःच आवरतं. संकटात आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं ॲड्रेनालिन रक्तात सोडतात आणि तेवढ्यावर पुष्कळदा निभावून जातं. सिरपने खाज आणि गांधी कमी व्हायला मदत केली असेल. जीव सिरपने वाचवला असं मात्र मला म्हणता येत नाही. पुढची रिअ‍ॅक्शन याच ताकदीची असेल, सौम्य असेल की जास्त जोराची, हेही आधी कुणाला सांगता येत नाही.

हे औषध काय करतं आणि काय करत नाही, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

ॲलर्जीत आपल्या त्वचेखाली, श्वासनलिकेत आणि आतड्यात असलेल्या मास्ट पेशी फुटल्यासारख्या आपल्यातली रसायनं बाहेर टाकतात. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध हिस्टामिन. ते पेशींवरच्या ‘एच-१’ नावाच्या ग्राहीवर जाऊन बसतं, की खाज सुटते, रक्तवाहिन्या सैलावतात, त्यातून पाणी झिरपतं आणि गांध उठते. डायफेनहायड्रामिनसारखं अँटीहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिनविरोधी औषध, ती जागा आधीच अडवून ठेवतं. म्हणून गांधी, खाज, शिंका, डोळ्यांतून पाणी येणं यांवर ते खरोखर चांगलं काम करतं. ही औषधं बहुगुणी ठरली, यात शंका नाही. डॅनियल बोव्हे यांना १९५७ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे याच वर्गातल्या औषधांवरचं काम होतं. डायफेनहायड्रामिन १९४० च्या दशकात जॉर्ज रीव्हेशल यांनी तयार केलं आणि १९४६ पासून ते वापरात आहे. तेव्हा त्याहून बरं काही हाताशी नव्हतं.

पण मास्ट पेशी एकटं हिस्टामिन सोडत नाहीत. ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन आणि इतरही बरीच रसायनं त्याच वेळी बाहेर पडतात. श्वासनळ्या आवळणं, रक्तदाब कोसळणं यांत त्यांचा मोठा वाटा असतो आणि त्यांच्यापुढे अँटीहिस्टामिनचं काही चालत नाही. ॲड्रेनालिन एकाच वेळी सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, आवळलेल्या श्वासनळ्या उघडतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींतून आणखी रसायनं सुटणंही रोखतं. दुसरं कुठलंच औषध हे सगळं एकट्यानं करत नाही.

त्यात वेळेचं गणित. पोटातून घेतलेल्या अँटीहिस्टामिनचा त्वचेवर परिणाम दिसायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, कधी जास्तही. ब्रिटनमध्ये ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. खाद्यपदार्थामुळे झालेल्या प्रकरणांत श्वास किंवा हृदय बंद पडायला लागलेला मध्यक वेळ (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ३० मिनिटे होता, कीटकदंशात १५ आणि इंजेक्शनने दिलेल्या औषधांमुळे अवघी ५ मिनिटे. सिरप पोटात गेलंय, आता थांबून बघू, असं म्हणण्यात जो अर्धा तास जातो, तोच कधीकधी सगळा असतो.

आता त्या झोपेकडे येतो. हिस्टामिन फक्त ॲलर्जीचं रसायन नाही. मेंदूत तेच आपल्याला जागं ठेवायला मदत करतं. डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन ही पहिल्या पिढीची औषधं रक्तातून मेंदूत सहज शिरतात, तिथल्याही एच-१ जागा अडवतात आणि माणूस पेंगायला लागतो. म्हणजे झोप ही औषध ॲलर्जीवर लागू पडल्याची खूण नसते. ती त्याच औषधाची मेंदूतली करामत असते, आणि ॲलर्जी आत वाढत असली तरी ती येतेच.

यात खरा धोका असा, की रक्तदाब खाली जायला लागला तरी मूल असंच मलूल होतं, डोळे मिटतं, अंग सैल सोडतं. गुंगीच्या औषधानंतर आलेली झोप कोणती आणि रक्तदाब पडल्यामुळे आलेली ग्लानी कोणती, हे घरात बसून ओळखणं फार कठीण. झोपलेलं मूल ‘घसा आवळतोय’ म्हणून सांगतही नाही. शिवाय रिअ‍ॅक्शन एकदा उतरून काही तासांनी, पुन्हा काजू न खाता, दुसऱ्यांदा उसळू शकते. म्हणूनच ॲड्रेनालिन देऊन बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास नजरेखाली ठेवतात. तुमच्या मुलानं तो काळ झोपेत काढला. सुदैवानं सगळं नीट पार पडलं. पुढच्या वेळी असं व्हायला नको, म्हणून एवढं ताणून लिहिलं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, त्याला ॲलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्या आणि तोवर काजूबरोबर पिस्तेही पूर्ण बंद ठेवा. ही दोन झाडं एकाच कुळातली आहेत आणि काजू ज्यांना बाधतो त्यांच्यापैकी बहुतेकांना पिस्ताही बाधतो. दुसरी, ॲड्रेनालिनच्या ऑटोइंजेक्टरविषयी डॉक्टरांशी स्पष्ट बोला. ते पेनसारखं उपकरण असतं. लहान मुलांसाठी सहसा ०.१५ मिलिग्रॅमचं आणि त्यापुढच्या वजनासाठी ०.३ मिलिग्रॅमचं. मुलाचं वजन पाहून डॉक्टर ठरवतील. मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यांवरूनही ते देता येतं. ५ ते १५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागू शकतो, म्हणून दोन जवळ असावीत. सगळीकडे हे उपकरण मिळत नाही, हे मला माहीत आहे. तसं असेल तर पर्याय काय, इंजेक्शन कुणी द्यायचं, सगळ्यांत जवळचा आपत्कालीन विभाग कोणता, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक प्रत शाळेत द्या.

पालक सगळ्यात जास्त अडखळतात ते इंजेक्शन द्यायच्या भीतीपाशी. ‘उगाच दिलं तर?’ ठरवून दिलेल्या डोसमध्ये मुलाला थोडा वेळ धडधडेल, हात थरथरतील, चेहरा पांढुरका होईल, आणि ते ओसरेल. उशिरा देण्यातला धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. आवाज बसणं, सतत खोकला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, धाप, जीभ सुजणं, पुन्हापुन्हा उलटी, चक्कर, एकदम मलूल होणं, यांपैकी काही दिसलं की विचार करत बसू नका. इंजेक्शननंतर त्याला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर पाय पसरून बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. त्याला उभं करू नका, गाडीपर्यंत चालवतही नेऊ नका. अशा अवस्थेत एकदम उभं राहिल्यानं हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडून लोक दगावले आहेत.

अँटीहिस्टामिनला या सगळ्यात जागा आहे, पण दुसऱ्या रांगेत. ॲड्रेनालिन दिल्यानंतर उरलेली खाज आणि गांधी शमवायला डॉक्टर ते देतात. रुग्णालयात उलट्या होणाऱ्या रुग्णाला शिरेतून डायफेनहायड्रामिन देण्याची पद्धत आहे आणि देखरेखीखाली ती ठीकच आहे. नुसत्या चार गांधी उठल्यात, बाकी मूल हसतंखेळतं आहे, अशा वेळी घरी अँटीहिस्टामिन द्यायला हरकत नाही. पण तेव्हाही मी सेटिरिझिनसारखं दुसऱ्या पिढीचं औषध निवडेन. ते खाजेवर तितकंच चांगलं चालतं, साधारण तासाभरात लागू पडतं, परिणाम सुमारे दिवसभर टिकतो आणि मुलाला जागं राहू देतं. तुमच्या मुलाचा डोस वजन पाहून डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. औषध दिल्यावर पुढचे काही तास त्याला नजरेआड करू नका.

लहान मुलांमध्ये डायफेनहायड्रामिनचा आणखी एक विचित्र गुण आहे. काही मुलं पेंगण्याऐवजी उलट चेकाळतात, चिडचिडी होतात, रात्रभर झोपत नाहीत. आणि प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालच्या मुलाला कधीच द्यायचं नसतं, त्यानं श्वास मंदावून मृत्यू झाले आहेत. तुमचा मुलगा मोठा आहे, पण घरात पाहुण्यांचं तान्हं येतं, म्हणून सांगितलं. प्रवासात किंवा रात्री मूल शांत झोपावं म्हणून असलं सिरप पाजणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन, करू नका.

बाटली उंचावर, कुलपात ठेवा. या औषधाचा अतिडोस झोपेचा प्रकार नसतो. अंग तापतं, त्वचा लालबुंद आणि कोरडी होते, बाहुल्या मोठ्या होतात, भास होतात, झटके येतात, हृदयाची लय बिघडते. २०२० साली इंटरनेटवरच्या एका ‘आव्हाना’पायी किशोरवयीन मुलांनी मूठभर गोळ्या घेतल्या, काहींचा जीव गेला आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला.

आता सासऱ्यांविषयी. तुम्ही त्यांचा उल्लेख सहज केला आहे, पण मला ती गोळी तितकीच अस्वस्थ करते.

डायफेनहायड्रामिन हिस्टामिनबरोबर ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या एका रसायनाचीही वाट अडवतं. लाळ सुटणं, आतड्यांची हालचाल, मूत्राशय रिकामं होणं, डोळ्यांचं जवळचं फोकस, स्मरण ही सगळी त्या रसायनाची कामं. म्हणून या गोळीनं तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठता होते, अंधुक दिसतं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी एका रात्रीत तुंबू शकते. एका प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो. तरुण माणसाच्या शरीरातून निम्मं औषध जायला सुमारे ९ तास लागतात, वृद्धांमध्ये १३ तासांच्या आसपास. म्हणजे रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळीही असतो. सासरे सकाळी अडखळतात का, नावं विसरतात का, मधूनच गोंधळल्यासारखे होतात का, हे जरा लक्ष देऊन बघा. घरचे त्याला ‘वय झालं’ म्हणतात, आणि कारण उशाशी पडलेली गोळी असते. अशा सकाळीच माणूस न्हाणीघरात पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं.

वृद्धांनी टाळावीत अशा औषधांची ‘बिअर्स यादी’ डॉक्टर वापरतात. ६५ वर्षांवरच्यांसाठी पहिल्या पिढीची अँटीहिस्टामिन त्यात आहेत. तीव्र ॲलर्जीत तात्पुरता डोस हा अपवाद सोडला, तर रोजच्या वापराला तिथे जागा नाही. ॲसिटिलकोलिन अडवणारी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश जास्त आढळतो, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. गोळीमुळेच तो होतो, हे त्यानं सिद्ध होत नाही. पण साधी खाज आणि झोप यांसाठी इतकी जोखीम घेण्याचं मला काही कारण दिसत नाही.

शिवाय त्यांची खाज बहुधा ॲलर्जीची नसेलच. उतारवयात अंगाला खाज येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण कोरडी त्वचा, आणि तिथे हिस्टामिनचा फारसा संबंध नसतो. गोळीनं खाज जात नाही, खाजेची शुद्ध जाते. अंघोळीचं पाणी कोमट, साबण कमी आणि अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, याने पुष्कळांचा प्रश्न सुटतो. तरीही खाज राहिली तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातलं लोह आणि खरूज यांची तपासणी व्हायला हवी. आणि झोपेसाठी म्हणाल, तर या गुंगीची सवय शरीराला थोड्याच दिवसांत होते, दुष्परिणाम मात्र राहतात. सासऱ्यांना दटावून गोळी हिसकावून घेऊ नका. ते घेत असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. लघवीचं, नैराश्याचं, झोपेचं किंवा दुखण्याचं कुठलं औषध चालू असेल तर ते याच्याशी मिळून दुप्पट गोंधळ घालू शकतं. तिथेच गोळी कशी कमी करायची ते ठरवा.

तुमचं स्वतःचं उत्तर थोडक्यात. ही गोळी घेतलीत तर त्या दिवशी गाडी चालवू नका. अमेरिकेत आयोवात ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांनी दारू प्यायलेल्यांपेक्षा वाईट गाडी चालवली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याला किती झोप येतेय यावरून आपण किती चुकतोय याचा अंदाज येत नव्हता. ‘मला काही पेंग येत नाही’ हा भरवसा म्हणूनच कामाचा नाही. त्याच प्रयोगात फेक्सोफेनाडिन घेतलेले औषधच न घेतल्यासारखे चालवत होते. शिंकांसाठी ते घ्या, किंवा लोरॅटाडिन. सेटिरिझिनने काहींना थोडी सुस्ती येते, म्हणून पहिल्यांदा घेताना घरी असताना घ्या. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर जुनं अँटीहिस्टामिन कधीही नको.

खोक्यावरचं मोठं नाव न वाचता खालच्या बारीक अक्षरांतलं घटकद्रव्य वाचायची सवय लावा. अमेरिकेत बेनाड्रिल म्हणजे डायफेनहायड्रामिन, तर ब्रिटनमध्ये त्याच नावाच्या गोळीत सेटिरिझिन किंवा ॲक्रिव्हॅस्टिन असतं. सर्दी-खोकल्याची मिश्रणं, प्रवासात मळमळू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, झोपेची विनाचिठ्ठी औषधं, खाजेचं मलम, या सगळ्यांत पहिल्या पिढीचं अँटीहिस्टामिन लपलेलं असू शकतं, आणि दोन वेगळी औषधं समजून माणूस एकच औषध दोनदा घेतो.

मैत्रीण म्हणते ते बव्हंशी खरं आहे. औषध विष नाही, पण आता बहुतेक कामांसाठी त्याहून बरी औषधं आहेत. पर्समधल्या बाटलीची जागा ॲड्रेनालिन आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला तो कागद यांना द्या.

तपासणीला जाण्यापूर्वी एवढं करा. त्या दिवशी त्यानं काय खाल्लं, किती वाजता, पहिली गांध कधी दिसली, उलट्या कधी झाल्या, सिरप किती आणि कधी दिलं, हे आठवेल तसं लिहून काढा. गांधींचा फोटो असेल तर तोही न्या. आणि वेळ ठरवतानाच विचारून घ्या की अँटीहिस्टामिन किती दिवस आधी बंद ठेवायचं. ते अंगात असेल तर त्वचेवरची चाचणी खोटी नकारात्मक येते, म्हणून बहुधा आठवडाभर आधीपासून थांबवायला सांगतात. रक्तचाचणीला ही अडचण नसते. त्या दिवसांत त्याला रिअ‍ॅक्शन आली, तर मात्र चाचणीची पर्वा न करता वर सांगितल्याप्रमाणे लागेल ते औषध द्या. चाचणी नंतर कधीही होईल.